घरचा बर्फ: वास कुठून येतो, पांढरा का होतो आणि काय केलं तर सुधारतो

प्रश्न असा आहे: आरओचं पाणी वापरूनही फ्रीजमधल्या बर्फाला वास येतो, खडे मधोमध पांढरे होतात, सरबतात टाकले की तडकतात आणि बर्फ विरघळल्यावर ग्लासच्या तळाशी पांढरा भुरका दिसतो. तर पाणी बदलावं, ट्रे बदलावा की फ्रीजच बदलावा?

फ्रीज तर नक्कीच नको. या चार तक्रारींची कारणं वेगवेगळी आहेत, आणि सगळ्यांवर एकच उपाय शोधायला गेलं की पैसे जातात, वास तसाच राहतो. महाग ट्रे घेणाऱ्यांचं बहुधा असंच होतं. चवीपुरतं बोलायचं तर बहुतेक घरांत दोष पाण्यात नसतो, फ्रीझरमधल्या हवेत असतो. म्हणून आधी वासाचं बघू.

पाण्याला वास लागतो तो मुख्यतः गोठायच्या आधी. ट्रे आत ठेवल्यापासून पुरता गोठेपर्यंत तीन ते पाच तास जातात आणि तेवढा वेळ ते पाणी आलं-लसणाची पेस्ट, कोथिंबीर, सुकट-बोंबील, फणसाचे गरे यांच्या शेजारी उघडं पडलेलं असतं. या पदार्थांतून उडणारे वासाचे अंश पाण्यात सहज मिसळतात. गोठल्यानंतर वेग कमी होतो, पण थांबत नाही: बर्फाच्या पृष्ठभागावर आणि बारीक भेगांत वास बसत राहतो. महिनाभर पडलेला बर्फ म्हणूनच ‘फ्रीजचा’ लागतो.

फ्रीज कोणत्या प्रकारचा आहे त्यावरही बरंच अवलंबून असतं. फ्रॉस्ट-फ्री फ्रीजमध्ये पंखा हवा फिरवतो, आणि बऱ्याच मॉडेलांत खालच्या कप्प्याला आणि फ्रीझरला थंड करणारी कॉइल एकच असते. त्यामुळे खाली अर्धा कापून ठेवलेला कांदा वरच्या बर्फाला लागतो. एकदारी डायरेक्ट कूल फ्रीजमध्ये पंखा नसतो, तिथे ही देवाणघेवाण कमी. पण त्यात भिंतींवर हिम चढतं, आणि ते हिम जुना वास धरून ठेवतं. अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा जाड थर दिसला की डीफ्रॉस्ट करायची वेळ झाली.

काहीही विकत आणण्याआधी दोन दिवसांची एक चाचणी करा. एकाच भांड्यातलं पाणी तीन ठिकाणी गोठवा: नेहमीच्या ट्रेमध्ये उघडं, त्याच ट्रेचे दोन कप्पे भरून तो ट्रे नव्या झिप पाउचमध्ये घट्ट बंद करून, आणि तिसरं घट्ट झाकणाच्या स्टीलच्या लहान डब्यात, डबा तीन चतुर्थांशच भरून. त्याच पाण्याचा एक पेला बाहेर झाकून ठेवा. एकच ट्रे असेल तर पहिली दोन गोठवणं पाठोपाठ करा. मग सगळे बर्फ वेगवेगळ्या पेल्यांत, झाकण ठेवून, वितळू द्या आणि पाणी खोलीच्या तापमानाला आल्यावरच वास घ्या, चव घ्या. गार पाण्यात दोष झाकला जातो, त्यामुळे थंडगार असताना चाखून काही कळत नाही. चारही पेल्यांत वास असेल तर दोष पाण्याचा. फक्त उघड्या ट्रेच्या पाण्याला असेल तर फ्रीझरचा. पाउचमधल्यालाही आहे आणि डब्यातलं मात्र स्वच्छ आहे, तर ट्रेचा.

फ्रीझरचा निघाला तर: फ्रीज बंद करा, सगळं बाहेर काढा, हिम आपोआप वितळू द्या. सुरी, उलथणं, स्क्रू-ड्रायव्हर यांनी बर्फ खरवडू नका. डायरेक्ट कूलमध्ये त्या पातळ पत्र्याच्या आतच गॅसची नळी असते. तिला भोक पडलं की दुरुस्ती अवघड आणि खर्चाची, कधीकधी शक्यच नाही. मग एक लिटर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे खायचा सोडा विरघळवून आतून पुसून घ्या. दाराच्या रबराच्या घड्या विसरू नका, मसाल्याचं पाणी तिथेच साचतं. सुगंधी साबण वापरला तर कांद्याच्या जागी लिंबाचा वास येईल, एवढाच फरक. वाटीत सोडा उघडा ठेवण्याचा उपाय सगळीकडे सांगितला जातो. त्याने थोडा फरक पडतो, पण वासाचा उगम तसाच ठेवून वाटी ठेवण्यात काही अर्थ नाही.

उगम बंद करायचा तर डबे बदला. पातळ पिशवी पाणी अडवते, वास अडवत नाही. लसणाचा वास तिच्यातून आरपार जातो. काच आणि स्टील यांतून जात नाही. म्हणून वाटण, मासळी, सुकं खोबरं-लसूण हे घट्ट झाकणाच्या काचेच्या किंवा स्टीलच्या डब्यात ठेवा. पाउचच वापरायचा तर पाउच आणि वर डबा, असं दुहेरी. बर्फालाही हाच न्याय: ट्रे झाकणाचा घ्या, किंवा ट्रे मावेल असा उथळ डबा घ्या. खडे तयार झाले की ट्रेमध्ये राहू देऊ नका. लगेच काढून घट्ट झाकणाच्या डब्यात टाका, त्या डब्यात दुसरं काही नको. असा बर्फ दोन आठवडे उत्तम राहतो. उघड्या ट्रेमधला मात्र चार-पाच दिवसांतच संपवावा. फ्रॉस्ट-फ्रीमध्ये हवा कोरडी असते, उघडे खडे न वितळताच झिजत जातात, आणि ठरावीक वेळाने आपोआप होणाऱ्या डीफ्रॉस्टच्या उबेने एकमेकांना चिकटतात.

पाहुणे दारात आणि बर्फ जुना, अशी वेळ आली तर खडे चाळणीत घेऊन पिण्याच्या गार पाण्याखाली दोन-तीन सेकंद धरा आणि निथळून वापरा. पडून राहिल्याने लागलेला वास बराचसा वरच्या थरात असतो, तो धुऊन जातो. हवेचे बुडबुडे नसलेल्या घट्ट बर्फावर हे चांगलं चालतं, भुसभुशीतवर कमी.

ट्रेमध्ये दोष निघाला तर तो बहुधा सिलिकॉनचा असतो. सिलिकॉन लवचिक, खडा पटकन सुटतो, पण तेलकट आणि वासाचे अंश ते शोषून घेतं. वर पांढरट पावडर दिसू लागली की त्यात पाण्याचे क्षारही बसलेले असतात. आधी एक भाग व्हिनेगर आणि तीन भाग पाणी यात अर्धा तास बुडवा, क्षार सुटतील. मग धुऊन, कोरडा करून ओव्हनमध्ये १७५ अंश सेल्सिअसला अर्धा ते एक तास ठेवा. वास उडून जातो. हे फक्त पूर्ण सिलिकॉनच्या ट्रेसाठी. कडेला प्लास्टिकची चौकट किंवा प्लास्टिकचं झाकण असेल तर ते काढून ठेवा, निघत नसेल तर ओव्हन नकोच. साधा कडक प्लास्टिकचा ट्रे वास कमी धरतो, मात्र वर्षा-दोन वर्षांनी त्यावर ओरखडे आणि चिरा पडतात. तो टाकून द्यावा. ॲल्युमिनियमचा जुना ट्रे कुणाकडे असेल तर पाण्यासाठी तो झकास आहे. लिंबू, कोकम असलं आंबट काही त्यात गोठवू नका.

आता पाणी. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार, म्हणजे टीडीएस, लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत, आणि दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात. कठीणपणाचे, म्हणजे त्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या क्षारांचे, हेच आकडे २०० आणि ६००. प्यायला चालणारं पाणी बर्फालाही चालतं, पण गोठताना क्षार एकवटतात, म्हणून बर्फासाठी जितकं मऊ तितकं बरं. मुंबईचं तलावांचं किंवा पुण्याचं खडकवासल्याचं नळाचं पाणी मऊ असतं, त्याला आरओची गरज नसते. त्यातला क्लोरिनचा वास तेवढा काढावा लागतो. उघड्या रुंद पातेल्यात रात्रभर ठेवलं किंवा उकळलं की तो जातो, किंवा कार्बनच्या फिल्टरमधून गाळावं. बोअरच्या आणि टँकरच्या पाण्याची गोष्ट वेगळी. तळाशी दिसणारा तो पांढरा भुरका म्हणजे बहुतेक वेळा कॅल्शियम कार्बोनेट. पाण्यात विरघळलेलं असताना दिसत नाही. गोठताना बाहेर पडतं आणि बर्फ वितळल्यावर पुन्हा पटकन विरघळत नाही. अपायकारक नाही, पण कोकम सरबतात दिसायला वाईट. असं पाणी पाच-दहा मिनिटं खळखळून उकळा, झाकून पाच-सहा तास स्थिर ठेवा, आणि वरचं तीन चतुर्थांश अलगद ओतून चौपदरी सुती कापडातून गाळा. कठीणपणाचा तात्पुरता, म्हणजे उकळल्याने सुटणारा, भाग भांड्याच्या तळाशी राहतो. तुरटी फिरवल्याने गढूळपणा बसतो, क्षार जात नाहीत आणि जंतूही मरत नाहीत.

तरी आरओच्या पाण्याला वास का? कारण आरओमध्ये क्लोरिन उरत नाही आणि यंत्राच्या टाकीत पाणी पडून राहतं. गावाला जाऊन आल्यावर टाकीतलं सगळं पाणी आधी काढून टाका आणि ताजं आलेलं पाणी बर्फाला घ्या. कार्बनचा कँडल संपलेला असेल तरी शिळकट चव येते. ज्यांच्याकडे पाण्याची लाइन जोडलेला, आपोआप बर्फ करणारा फ्रीज आहे (अमेरिकेत तो बऱ्याच घरांत असतो), त्यांनी सहा महिन्यांनी फिल्टर बदलावा, नव्या फिल्टरनंतरचे पहिले दोन-तीन घाणे फेकावेत आणि बर्फाचं पेटाऱ्यासारखं जे खोकं असतं ते महिन्यातून एकदा रिकामं करून धुवावं. जुने खडे तळाशी, नवे वर, असं ते कायम भरलेलं असतं आणि तक्रार तिथूनच सुरू होते.

गोठवल्याने जंतू मरत नाहीत. बरेचसे फक्त थांबून राहतात, आणि काविळीच्या विषाणूसारखे काही तर आरामात टिकतात. पावसाळ्यात पाण्याविषयी शंका असेल तर बर्फाचं पाणीही पिण्याच्या पाण्यासारखंच, निदान एक मिनिट खळखळून उकळलेलं हवं. उकळतं पाणी थेट फ्रीझरमध्ये मात्र ठेवू नका. वाफेने हिम चढतं, शेजारचे पदार्थ सैल पडतात. खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मग दोन तास खालच्या कप्प्यात ठेवा, मग ट्रे भरा.

पांढरेपणाकडे येऊ. इथे सगळ्यात जास्त गैरसमज आहेत. पाणी गोठताना बर्फाच्या स्फटिकात फक्त पाणीच बसतं. क्षार आणि विरघळलेली हवा पुढच्या पाण्यात ढकलली जाते. खोलीच्या तापमानाला एक लिटर पाण्यात सुमारे १८ ते २० मिलिलिटर हवा विरघळलेली असते. ट्रेमध्ये थंडी चारही बाजूंनी शिरते, आधी कडा गोठतात, आणि ढकललेलं सगळं मधोमध कोंडलं जातं. पांढरा ढग तो हाच: हवेचे बारीक बुडबुडे, क्षार आणि शेवटचं पाणी गोठताना फुगल्याने पडलेल्या भेगा. पाणी गोठताना आकारमान साधारण ९ टक्के वाढतं, आणि आतल्या पाण्याला फुगायला जागाच नसते. ढगाळ बर्फ ठिसूळ असतो तो म्हणून.

‘पाणी दोनदा उकळा, बर्फ काचेसारखा होईल’ हा सल्ला अर्धाच खरा. उकळल्याने हवा जाते, पण गार होताना परत विरघळते, आणि क्षार तर असतातच. थोडा फरक दिसतो, काच होत नाही. काचेसारखा बर्फ हवा असेल तर एकाच दिशेने गोठवावं लागतं. थंड देशांतली तळी वरून खाली गोठतात आणि सगळी घाण खालच्या पाण्यात जाते. १८३३ साली बोस्टनहून निघालेलं जहाज असाच तळ्याचा बर्फ घेऊन कलकत्त्याला आलं, आणि पुढे मुंबईलाही तो येऊ लागला. कॅम्पर इंग्लिश या अमेरिकी लेखकाने २००९ मध्ये हेच एका दिशेने गोठवणं घरच्या फ्रीझरमध्ये झाकण नसलेल्या आइसबॉक्समध्ये (सहलीला पेयं गार ठेवायच्या खोक्यात) करून दाखवलं, आणि घरी करण्यासारखी याहून सोपी पद्धत अजून नाही.

करायचं असं. फ्रीझरमध्ये मावेल असा, जाड भिंतींचा लहान आइसबॉक्स घ्या, झाकण काढून ठेवा. तो नसेल तर सरळ भिंतींचा प्लास्टिकचा खाद्यपदार्थाचा डबा थर्माकोलच्या खोक्यात बसवा, तळाला आणि चारही बाजूंना निदान तीन सेंटिमीटर थर्माकोल यायला हवा, वरची बाजू उघडी. पाणी थेट थर्माकोलमध्ये ओतू नका. स्टीलचा डबा इथे नको: धातूच्या भिंतीतून थंडी वरून खाली उतरते आणि कडा आधी गोठतात. डायरेक्ट कूल फ्रीज असेल तर तळाशी थर्माकोल दुप्पट घ्या, कारण तिथे थंडी खालच्या पत्र्यातून येते. पाणी १२ सेंटिमीटरपर्यंत भरा, वर तीन सेंटिमीटर जागा सोडा. उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये २० ते २४ तासांत साधारण सहा-सात सेंटिमीटर जाड थर तयार होतो. एकदारी फ्रीजचा फ्रीझर इतका थंड नसतो, तिथे दीड-दोन दिवस धरा. दार वारंवार उघडलं तर आणखी. बाकी काय गोठवता आहात त्याचा वास वरच्या उघड्या तोंडातून लागणारच, तेव्हा आधी फ्रीझर आवरलेला हवा. या पद्धतीत झाकण घालता येत नाही, एवढी तिची अडचण.

खालचं पाणी अजून पाणीच असताना डबा बाहेर काढा. इथेच बहुतेकांचं चुकतं: विसरतात, सगळं गोठतं, ढकललेले क्षार आणि हवा तळाच्या थरात अडकतात आणि डबाही तडकू शकतो. मोरीत किंवा सिंकमध्ये डबा पालथा घालून दहा-पंधरा मिनिटं ठेवा, लादी आपोआप सुटते. खालचं उरलेलं पाणी फेका, क्षार त्यातच गेलेले असतात. खालच्या बाजूला पातळ ढगाळ थर असेल तर तो दातेरी सुरीने खरवडून काढा. लगेच तोडायला गेलात तर लादी वाटेल तशी फुटेल. ताटात ठेवून वीस-तीस मिनिटं थांबा, वरचं पांढरट धुकं जाऊन ती ओली, चकचकीत दिसू लागली की ब्रेडच्या दातेरी सुरीने पाच-सहा मिलिमीटर खोल खाच पाडा, सुरी खाचेत धरून पाठीवर लाटण्याने हलके टोले द्या. खाचेच्या रेषेत सरळ तुटते. तुकडे झटपट पुसून, सुटे सुटे तासभर फ्रीझरमध्ये ठेवा, मग डब्यात भरा. ओलेच भरले तर एक गठ्ठा होतो.

रोजच्या ताकासाठी आणि पन्ह्यासाठी हा उद्योग कुणी करू नये. झाकलेला साधा ट्रे पुरे. तो तीन चतुर्थांशाहून थोडाच जास्त भरा, कप्प्यांच्या वर पाणी आलं तर खडे एकमेकांना जोडले जातात. ट्रेचा तळ कोरडा पुसून ठेवा, म्हणजे पत्र्याला चिकटणार नाही.

सरबतात खडा तडकतो तो उणे १८ वरून एकदम तीस अंशांच्या पाण्यात पडल्यामुळे. बाहेर काढून पाच मिनिटं ठेवा, पृष्ठभाग ओला दिसला की टाका. यात थंडावा वाया जातो ही शंका रास्त आहे, पण हिशोब बघा: एक ग्रॅम बर्फ उणे १८ वरून शून्यावर येताना ३८ जूल उष्णता घेतो आणि वितळताना ३३४. म्हणजे बर्फ गार करतो तो वितळूनच. २०० मिलिलिटर सरबत ३० अंशांवरून ५ अंशांवर आणायला ५३ ग्रॅम बर्फ वितळावाच लागतो, म्हणजे सरबत पाव हिश्श्याने पातळ होणारच. तेच सरबत आधी फ्रीजमध्ये १५ अंशांवर आणलं तर २१ ग्रॅम पुरतो. बर्फ सुधारण्याआधी सरबत गार करा, चवीत त्याने जास्त फरक पडतो. मोठा खडा सावकाश वितळतो, कारण पाच सेंटिमीटरच्या एका खड्याचा पृष्ठभाग तेवढ्याच बर्फाच्या अडीच सेंटिमीटरच्या आठ खड्यांच्या निम्मा असतो. कोकम, पन्हं, कोल्ड कॉफी यांचेच खडे करून ठेवले तर पातळ होण्याचा प्रश्नच नाही. ताकाचे मात्र करू नका, वितळल्यावर फुटल्यासारखं कणीदार होतं. घरी बर्फाचा गोळा करायचा तर बर्फ किसण्याआधी दहा मिनिटं बाहेर ठेवा. फार गार बर्फाची रेतीसारखी पूड होते, थोडा नरमलेला मऊ निघतो आणि सिरप धरून ठेवतो.

वीस जणांसाठी साधारण दीड ते दोन किलो लागतो. एका ट्रेमधून २५० ते ३०० ग्रॅम निघतो, म्हणजे सहा-सात ट्रे: दोन ट्रे असतील तर दिवसातून दोनदा भरत दोन दिवस आधीपासून सुरुवात करा. कमी पडला आणि बाहेरून आणायची वेळ आली तर विकणाऱ्याला खाण्याचा बर्फ आहे का हे स्पष्ट विचारून घ्या. महाराष्ट्रात २०१८ पासून कारखान्यांनी अखाद्य बर्फात निळा रंग घालणं बंधनकारक आहे, तेव्हा निळसर रंगवलेली लादी ग्लासात जाता कामा नये. पण रंग नाही म्हणून तो खाण्याचाच असेल असं धरून चालू नका. खात्री नसेल तर तो बर्फ बाटल्यांभोवती टबात घाला आणि ग्लासात घरचाच टाका.